नाडी लांब ठेवजा

"चड्डी कोनची होती?"

पाण्याच्या काठावर पोहोचल्यावर भाऊंचा पहिला प्रश्न हाच असायचा. समोर बुडालेल्या पोराचा बाप डोकं धरून बसलेला, आणि हा वाळका म्हातारा चपला काढता काढता चड्डीची चौकशी करायचा. नवखा माणूस भडकायचाच. एका पोराच्या काकानं तर हात उगारला होता. भाऊ एवढंच म्हणाले, "बापू, खाली काई दिसत नाई. हातानंच ओळखा लागते."

बंद पडलेल्या कोळसा खाणीतलं पाणी तुम्ही पाहिलं असेल. वरून निळंशार, खाली निव्वळ अंधार. माजरीच्या आसपास अशा खाणी आहेत. उन्हाळ्यात पोरं काठावर कपडे काढतात आणि चड्डीवरच उड्या मारतात. एखादा वर येत नाही. मग त्याला वर काढायला भाऊंना बोलावणं जायचं. घर मासेमारी करणाऱ्यांचं, त्यामुळे पाण्याची भीती त्यांना ठाऊकच नव्हती.

माझं शिवणकामाचं दुकान माजरीच्या बाजारात आहे. एके काळी मी पट्ट्यापट्ट्याच्या नाडीच्या चड्ड्या शिवूनच संसार केला. खाणीतली माणसं तंबाखूच्या पुडीसाठी आतून खिसाही लावून घ्यायची. मग होजिअरीच्या आखूड चड्ड्या आल्या. त्यानंतर इलॅस्टिकवर कंपनीचं नाव आलं, आणि ते चारचौघांना दिसावं म्हणून पोरांनी पँट खाली सरकवली. आमच्या मायनं ज्यासाठी झोडपून काढलं असतं, त्याची फॅशन झाली. माझं पट्ट्यांचं कापड फळीवर धूळ खात पडलं. गिऱ्हाईक एकच उरलं, ते म्हणजे भाऊ.

गंमत अशी की ते स्वतः जन्मभर लंगोट लावत आले. चंद्रपूरच्या तरणतलावावर पुतण्यानं एकदा हौसेनं नेलं, तर रखवालदारानं लंगोट बघून अडवलं. पुतण्याचा नायलॉनचा पोहण्याचा कॉस्च्यूम चढवावा लागला. परत आल्यावर मला म्हणाले, "मास्तर, अंगात काई हाये का नाई, तेच समजून नाई राह्यलं. म्या दोन डाव हात लावून पाह्यला."

तरी दर उन्हाळ्याआधी ते माझ्याकडे चड्ड्या शिवायला टाकायचे.

"कोणाच्या मापाच्या, भाऊ?"

"कोनालेई झाल्या पायजे. अन् नाडी लांब ठेवजा."

"दुसरं घर केलं का कुठी?"

ते तंबाखू मळत हसायचे. बरीच वर्षं मी ही थट्टा केली आणि त्यांनी ती चालू दिली.

एकदा दुकानात कोणी नसताना त्यांनी आपणहून सांगितलं. "पह्यले नाडीची चड्डी राहे. धरून वर आनता ये. हे इलॅष्टिक हातात येते अन् पोरगं खालीच राह्यते. मंग केसाले धरून आना लागते. उघडं." मग म्हणाले, "माह्या लहान्या भावाले लहानपनी असंच उघडं आनलं होतं. सारा गाव पाहून राह्यला होता. मायनं पदर फाडून झाकलं त्याले. तवापासून म्या कोनाले उघडं नाई आनत."

माझ्या चड्ड्या ते पाण्याखाली नेत आणि तिथेच त्या पोरांना घालत.

"पान्यात बोटं आखडतेत," ते म्हणाले. "नाडी लांब असली का गाठ बसते."

माझे पाय मशीनवरच थांबले. मी शिवलेलं कोण घालतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं होतं. त्या दिवसापासून मी त्या चड्ड्यांना दुहेरी शिलाई मारू लागलो.

गेल्या उन्हाळ्यात कॉलनीतला एक तरुण बुडाला. मित्रांनी सांगितलं, पोहण्याचीच चड्डी होती, ती चकचकीत, गुळगुळीत. भाऊंच्या डोळ्यात तोवर मोतीबिंदू उतरला होता. पोलिसानं हात धरला, "भाऊ, चंद्रपूरहून पाणबुड्यांची टीम निघाली आहे, थांबा." काठावर मोबाइल वर धरून पोरं उभी होती. भाऊंनी त्यांच्याकडे एकवार बघितलं.

"माय येऊन राह्यली न त्याची?" त्यांनी विचारलं.

कोणीतरी हो म्हणालं. त्यांनी पिशवीतली चड्डी लंगोटात खोचली आणि पाण्यात शिरले.

एकदा वर आले, सापडला म्हणून मान हलवली, दम घेतला आणि पुन्हा खाली गेले. आम्ही पाण्याकडे बघत राहिलो. पाणी अगदी शांत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळे रबरी पोशाख घातलेल्या टीमनं दोघांनाही बाहेर काढलं. आधी तो तरुण आला. त्याच्या अंगावर निळ्या पट्ट्यांची चड्डी होती. माझी शिलाई मी लांबूनच ओळखली. मग भाऊ आले, लंगोट होता तसाच घट्ट.

त्या तरुणाची माय पोराच्या तोंडावरून हात फिरवत होती. भाऊंची बायको माझ्याजवळ उभी होती. ती पुढे झाली, वाकली आणि त्या पोराच्या चड्डीच्या नाडीला हात लावला. दोन गाठी होत्या, पक्क्या.

"गाठच मारून राह्यला असन बुढा," ती म्हणाली. "एकीवर सोडली असती तं आला असता वर."

यंदाही मी दोन चड्ड्या शिवल्या. न्यायला कोणी आलं नाही. दुकानावरून टॉवेल खांद्यावर टाकून पोरं खाणीकडे जातात, तेव्हा माझी नजर त्यांच्या कमरेकडे जाते आणि भाऊंचा प्रश्न माझ्या तोंडाशी येतो. मी त्यांना हाका मारून परत बोलावतो. कोणी परततं, कोणी हसून पुढे जातं.