रुमालाखालचा सौदा

सुधाचा हात रुमालाखाली होता. दिलीपचाही.

"बोलायचं नाय," चाचा म्हणाले. "बोटं बोलतील."

सुधा माझी बायको. दिलीप तिचा कॉलेजातला मित्र, आता पुंडलिकनगरात राहतो. आम्ही पुण्याहून आदल्या दिवशी आलो होतो. त्यानंच आम्हाला जुन्या शहरातलं हे घर बघायला आणलं. गाडी लांब लावा. पुढं गल्ली अरुंद आहे. तिकीट किरकोळ. शुक्रवारी बंद.

घर चारशे वर्षांपूर्वीच्या एका कापड व्यापाऱ्याचं. दगडी जोतं, चौक, कोरडा हौद. भर उन्हात आत गारवा. खालच्या बैठकीत पांढरी गादी आहे. तिच्यावर बसून सौदे होत. रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, भोवतीच्या दलालांना कळू द्यायचा नाही. घर दाखवणारे चाचा पाहुण्यांकडून हे करून घेतात. "कोण बसतंय?" त्यांनी विचारलं. मी बुटांची नाडी सोडेपर्यंत ते दोघं बसले होते.

रुमाल हलत होता. सुधा मान खाली घालून हसली.

"लई ताणतीस गं," दिलीप म्हणाला.

"गप. बोलायचं नाय म्हणले ना चाचा."

पुण्यात ती असं बोलत नाही.

रुमाल थांबला. हात लगेच बाहेर आले नाहीत.

"झाला सौदा?" मी विचारलं.

"व्हय," दोघं एकदम म्हणाले.

"कितीला?"

चाचांनी रुमाल झटकला. "साहेब, भाव बाहेर फुटला तर सौदा कायका?"

वरच्या मजल्यावर रेशीम आणि सूत एकत्र विणलेल्या हिमरूचे नमुने आहेत. पाहण्यासारखे आहेत म्हणतात. मी त्या दोघांच्या मागं चालत होतो.

दुपारी नान-खलिया खाल्ला. रस्सा तिखट, मटण मऊ. जरूर खा. दिलीपनं सुधाच्या ताटातला नान न विचारता तोडला. तिनं ताट त्याच्याकडं सरकवलं.

हॉटेलवर आल्यावर मी पुन्हा विचारलं.

"अरे, खेळ होता तो."

"मग सांग की."

"नाही सांगणार," ती म्हणाली आणि केस विंचरू लागली.

सकाळी अजिंठ्याला निघायचं होतं. दिलीप गाडी घेऊन आला. डोकं दुखतंय, तुम्ही जाऊन या, असं मी म्हणालो. सुधानं मला गोळी दिली, पाण्याची बाटली उशाशी ठेवली आणि ती गेली. अकराच्या सुमारास अजिंठ्याच्या अलीकडच्या फर्दापूरहून तिचा फोन आला. रस्ता चांगला आहे, म्हणाली.