चुलबंद आवतण

आमच्या संस्थेचा विकास ज्या वर्षी झाला, त्याच वर्षी माझा बाप आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला. यातली पहिली गोष्ट संस्थेच्या अहवालात छापलेली आहे. दुसरी कुठेच नाही, म्हणून लिहितो.

संस्था म्हणजे विद्यापीठाची युरोपीय अभ्यासाची संस्था. मी तिथे संशोधन सहायक म्हणून लागलो तेव्हा ग्रंथालयाच्या मागच्या दोन खोल्यांत तिचा संसार होता. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. एका खोलीत फ्रेंच आणि जर्मनचे वर्ग भरत, दुसरीत संचालक, मी आणि युरोपचा एक नकाशा. त्या नकाशावरच्या सीमा महायुद्धाआधीच्या होत्या आणि त्या बदलाव्यात असं कुणाला वाटत नव्हतं. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. जो तो काहीतरी नवं उभारायच्या घाईत होता. त्या घाईत आमच्याही संस्थेचं नशीब उघडलं. परदेशातून मदत मिळाली, नवी पदं मंजूर झाली, स्वतंत्र इमारतीचा पाया पडला आणि युरोपातून एक प्राध्यापक वर्षभरासाठी आले. माझं पदही त्या वर्षात कायम होईल असं संचालक म्हणाले होते. ते बोलायला फार गोड होते. समोरच्याला काय ऐकायचं आहे ते त्यांना बरोबर कळायचं.

या प्राध्यापकांना, म्हणजे आमच्या परदेशी पाहुण्यांना, युरोपातलं एक खेडं आणि आपल्याकडचं एक खेडं यांचा तुलनात्मक अभ्यास करायचा होता. खेडं कुठलं घ्यायचं, यावर बैठका झाल्या. उंटावरून शेळ्या हाकण्यात आमचे लोक पटाईत. शेवटी संचालकांना आठवलं की आपला सहायक बुलडाणा जिल्ह्यातला, धाडच्या पलीकडच्या एका गावचा. जीप जाते, भाषेची अडचण नाही आणि राहण्याजेवण्याची सोय आपोआप होते. यातलं तिसरं कारण मोठ्याने बोललं गेलं नाही.

पोळ्याच्या सुमारास आम्ही गावी गेलो. माझा बा साधा शेतकरी, पण पाहुणा म्हटला की त्याच्या अंगात वारं शिरायचं. त्याने ओसरी सारवून घेतली, दोन खाटा विणून घेतल्या. मायने आणि वयनीने रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. रोडगा फोडून त्यात तुपाची धार धरताना बा प्रत्येक वेळी म्हणायचा, "घ्या साहेब, लाजू नोका." संचालक अजिबात लाजले नाहीत. परदेशी पाहुणे मात्र बिचारे लाजायचे. त्यांना तिखट सोसत नव्हतं, पण ते बाला कळू नये म्हणून डोळे पुसत जेवायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी. बाने कोमट पाण्याने बैलांचे खांदे शेकले, लोणी-हळद चोळली आणि दोघांच्याही कानाशी वाकून तो म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षानुवर्षं म्हणतो तसंच. पाहुण्यांनी मला विचारलं, बैलांना खरोखर बोलावतात की नुसतं म्हणायचं? मी बाला तसंच विचारलं. त्याला प्रश्नच समजला नाही.

"नुसतं म्हनाचं म्हंजे काय बे? उद्या पयला घास त्याइचा, मंग आपला. आवतन देल्लं म्हंजे जनावर बी वाट पाह्यते."

मग पाहुण्यांनी आवतणाबद्दलच विचारायला सुरुवात केली आणि बा खुलला. आवतण कसकसं असतं ते त्याने सांगितलं. घरातल्या एकाला बोलावलं तर एकानेच जायचं. पण चुलबंद आवतण दिलं तर अख्ख्या घराने जायचं, पोराबाळांसकट. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. पेटवली आणि त्या घरातून धूर निघाला, तर ज्याने बोलावलं त्याची अब्रू गेली. कारण त्याचा अर्थ असा की, या माणसाच्या शब्दावर आमचा भरवसा नाही. सोबत शिदोरी न्यायची नाही, वाटेत खायचं नाही. आणि गेल्यावरही आपण होऊन पानावर बसायचं नाही. घरधन्याने येऊन "चला, पानं मांडली" म्हटलं की मग उठायचं. मी एकेक वाक्य पाहुण्यांना भाषांतर करून सांगत होतो. संचालक लिहून घेत होते. "फारच सुंदर," असं ते मध्ये मध्ये म्हणत होते.

जीप निघाली तेव्हा निरोपाला सगळं घर दारात आलं. संचालक एक पाय जीपमध्ये ठेवून बाला म्हणाले, "आता आमची पाळी हं! हिवाळ्यात आमच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. आमची वास्तुशांतीच समजा. तुम्ही सगळ्यांनी जेवायला यायचं. काय म्हणता तुम्ही त्याला? चुलबंद! हे आमचं चुलबंद आवतण!"

परदेशी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "हाव साहेब. येतो."

तो 'हाव' मी ऐकला. मला बा माहीत होता आणि संचालकही माहीत होते.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाने जाण्याची सगळी तयारी मनात केलेली होती. बैल शेजारच्या काकांकडे बांधायचे, म्हशीची धार त्यांच्या सुनेने काढायची, धाडहून पहिली एसटी धरायची. बाजारातून त्याने संचालकांसाठी टोपी आणि शेला आणला होता, त्यांच्या बायकोसाठी लुगडं. वास्तुशांतीला रिकाम्या हाताने कोण जातं? गावभर सांगून झालं होतं. पारावर, बाजारात, सोयऱ्यांत. मी त्याला बाजूला घेतलं.

"बा, ते तसं बोलाची रीत असते. शहरातले लोक जाता जाता म्हनतात, या म्हनून. ते काही खरं आवतन नसते."

"चुलबंद म्हनले ते. तूच होता ना तिथं?"

"होतो. पन ते गमतीनं म्हनले."

"आवतनाची गंमत कोनी करते का बे?" बा माझ्याकडे असा पाहत होता, जणू शहरात जाऊन मीच बिघडलो होतो. "अन् एवढा शिकेल मानूस, आपल्या घरचं अन्न खाऊन गेला. थो खोटं आवतन देईन काऊन?"

शहरात परत आल्यावर मी संचालकांना स्पष्ट सांगितलं, की माझ्या घरचे लोक खरंच येणार आहेत, सगळे. ते हसले. "येऊ देत की! उलट छान होईल." मी पुन्हा म्हणालो, "सर, ते जेवायला येणार आहेत." ते म्हणाले, "हो रे, बघू आपण." या 'बघू'ला मी चांगला ओळखत होतो. माझं कायम होणंही त्याच 'बघू'वर लटकलेलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी ते आले. बा, माय, भाऊ, वयनी, त्यांची दोन लेकरं आणि विधवा आत्या. बाने धुतलेलं धोतर नेसलेलं, आत्याने ठेवणीतलं लुगडं. घरातली चूल आदल्या संध्याकाळी विझवली ती विझवलीच. लेकरांच्या हातात वाटेत खायला म्हणून शेंगदाण्याचा दाणाही दिला नव्हता. लेकरू रडलं तेव्हा बाने त्याला म्हणे समजावलं, की साहेबाच्या घरी गोडधोड आहे, पोट रिकामं ठेव.

संचालकांनी त्यांचं स्वागत केलं, हे मी मान्य करतो. ते पायऱ्या उतरून पुढे आले, बाला हात जोडले, छायाचित्रकाराला हाक मारली. बाने आहेर काढला. संचालकांनी टोपी घातली, शेला खांद्यावर घेतला, परदेशी पाहुण्यांना शेजारी उभं केलं. फोटो झाला. लुगडं शिपायाच्या हातात गेलं. मग संचालक म्हणाले, "बसा हं, आलोच," आणि आत गेले.

बा सगळ्यांना घेऊन आवारातल्या लिंबाखाली बसला.

आत भाषणं झाली. माझ्याकडे परदेशी पाहुण्यांच्या भाषणाचं भाषांतर होतं, त्यामुळे मला हलता येईना. त्या भाषणात आमच्या घरच्या रोडग्यांचा उल्लेख होता. लोक कौतुकाने हसले. भाषणं संपली आणि मागच्या सभागृहात जेवणाची टेबलं मांडली गेली. तिथे नाव छापलेलं कार्ड असलेल्यांनाच सोडत होते. मी दारातच संचालकांना गाठलं.

"सर, घरचे बाहेर बसलेत. तुम्ही एकदा येऊन चला म्हटलं पाहिजे. त्याशिवाय ते उठणार नाहीत."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अरे, कुलगुरू बसलेत आत. तू कॅन्टीनमध्ये घेऊन जा ना त्यांना. व्यवस्था बघ काहीतरी." परदेशी पाहुणे कुलगुरूंच्या शेजारी बसले होते. संचालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला दाराबाहेर केलं, अगदी प्रेमाने.

मी लिंबाखाली गेलो. म्हणालो, "बा, चाल, जवळच खानावय हाये. लेकरं भुकेजली."

"साहेब बोलवाले आले नाही अजून."

"ते नाही येनार."

बाचा आवाज चढला. "आवतनाच्या घरून उठून खानावयीत जेवाचं? चार लोकं काय म्हनतीन त्या मानसाले? त्याच्या तोंडाले काळं फासाचं का आपन?"

म्हणजे हा माणूस उपाशी बसून संचालकांचीच अब्रू सांभाळत होता. तेव्हा मला रडू आलं नाही, संताप आला. तो आजही येतो. मीही त्यांच्यासोबत तिथेच बसलो. आतून भांड्यांचे आवाज येत होते, मसालेभाताचा वास येत होता. लेकरं झोपून गेली. पाहुणे एकेक करून बाहेर पडू लागले. कुणी आमच्याकडे पाहून नमस्कारही केला. शेवटी संचालक कुलगुरूंना मोटारीपर्यंत सोडायला आले, आम्हाला पाहून लांबूनच हात हलवला आणि आत गेले. डोक्यावर टोपी नव्हती.

तेव्हा बा उठला. धोतर झटकलं. "कामात हायेत ते," एवढंच म्हणाला. स्टँडवर मायने लेकरांसाठी केळी घेतली. बाने केळ्याला हात लावला नाही. एसटी सुटेपर्यंत तो खिडकीतून माझ्याकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, हे आमच्या गावातही म्हणतात. पण ते दुसऱ्यांच्या घरी झालेलं असतं म्हणून म्हणायला सोपं जातं.

होळीला मी गावी गेलो. पारावर बाभोवती माणसं बसली होती. शेजारच्या काकांनी विचारलं, "काऊन गा, साहेबाकडं जेवाले काय होतं थे सांगतलंच नाही तू?"

बाने माझ्याकडे पाहिलं नाही.

"बुंदी होती," तो म्हणाला. "अन् मसालेभात. साहेब सोता वाढत होते. नको नको म्हनलं तरी ऐकेना."

माणसं खूश झाली. कुणीतरी म्हणालं, मोठी माणसं ती मोठीच. मला मान खाली घालावी लागली, कारण वर पाहिलं असतं तर बाचा चेहरा दिसला असता. आठ आण्यांची वस्तू सव्वा रुपयाला सांगणाऱ्यातला हा माणूस नव्हता. बाजारात जनावर विकताना त्याची खोड आधी सांगणारा हा माणूस. मसालेभाताचा त्याला नुसता वास मिळाला होता.

संस्थेचा अहवाल निघाला. 'विकासाचं वर्ष' असा मोठ्या अक्षरांत मथळा. नवी इमारत, नवी पदं, नवा नकाशा. शेवटच्या पानांवर फोटो: टोपी-शेल्यातले संचालक, शेजारी परदेशी पाहुणे, कडेला हात जोडलेला बा. खाली ओळ होती, 'ग्रामीण जीवनाशी संस्थेचा जिव्हाळा'. बाचं नाव नव्हतं. तुलनात्मक अभ्यासातलं पाहुणचाराचं प्रकरण मीच लिहावं असं ठरलं, आणि माझं पदही कायम झालं. मी ते प्रकरण लिहिलं. त्यात चुलबंद आवतणाचं वर्णन आहे, सगळ्या नियमांसकट. विद्वानांना ते आवडलं.

वैशाखात शेजारच्या काकांच्या मुलीचं लग्न निघालं. ज्यांनी आमचे बैल सांभाळले होते, तेच काका. ते स्वतः ओसरीवर येऊन बाला कुंकू लावून म्हणाले, "चुलबंद आवतन हाये. सगळ्यायनं या." बा म्हणाला, "हाव."

लग्नाच्या दिवशी सकाळी मी उठून पाहतो तर माय चुलीपुढे बसलेली. पीठ मळून ठेवलेलं, काडी पेटवायच्या बेतात.

"माय, आज चुलबंद हाये ना?"

"असन," ती म्हणाली. "लेकरायले एक एक भाकर खाऊ दे. काही भरोसा रायते का?"

मला वाटलं, आता बा कडाडेल. आत्ता चूल लाथेने विझवेल. याच गोष्टीवरून त्याने एकदा सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. तो दारात उभा होता, सगळं ऐकलं होतं त्याने. मांडवाकडून सनईचा आवाज येत होता. बाने एकदा तिकडे पाहिलं आणि मग खाली वाकून जळणातल्या तुरीच्या काड्या चाचपल्या.

"कोरड्या तुराट्या पाहून लाव," तो मायला हळूच म्हणाला. "धूर दिसाले नाही पायजे."