आकडा पन्नासावर

आमच्या अप्पांना माझी नोकरी कधी कळलीच नाही. झेंडू पिकवायचा, पहाटे फुलबाजार गाठायचा आणि लिलावात घसा फोडून ओरडायचं, हे त्यांच्या लेखी काम. मी वीज उपकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बसते. समोर एक आकडा असतो, तो पन्नासाच्या आसपास राहतो ना ते बघते. "आकडा बघायचा पगार देतात व्हय गं?" असं ते चारचौघांत विचारायचे. मी भडकायचे. तापटपणात मी त्यांच्यावरच गेलेय.

एकदा बांधावर बसून समजावलं. म्हटलं, "अप्पा, गाडीत माल जास्त झाला की बैल मंदावतात ना? तसंच हे. कुठं मोठं वीजकेंद्र बंद पडलं की उरलेल्या सगळ्या यंत्रांवर ओझं येतं, ती मंदावतात आणि आकडा खाली येतो. फारच खाली आला तर एकामागून एक बंद पडतात, मग सगळीकडेच अंधार. म्हणून वरून फोन आला की थोडा माल उतरवायचा. एखाद्या भागाची लाईट घालवायची."

"म्हंजे तू लाईट घालवायचा पगार घेतीस!" घ्या. एवढी गीता सांगून झाली आणि हे असं!

हल्ली तसे फोन क्वचितच येतात. पण धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याच्या दिवशीच आला मेला. सोयरीक मोठ्या मुश्किलीनं जुळलेली, आणि मुलाचे काका नाकावर माशी बसू न देणारे. मी रजा टाकली होती, पण सहकारी तापानं फणफणली आणि सकाळची ड्युटी माझ्या गळ्यात पडली. बदलीचा माणूस खुर्चीत बसल्याशिवाय उठायचं नाही, ही आमची रीत. म्हणून धाकटी पंचवटीच्या मंगल कार्यालयात, आणि मी भरजरी साडीत पॅनेलसमोर.

आकडा घसरायला लागला आणि पाठोपाठ फोन खणखणला. एक फीडर, म्हणजे एका भागाची लाईन, ताबडतोब बंद करा. आमच्याकडे कुठला फीडर कधी बंद करायचा, याचे नंबर ठरलेले असतात. त्या दिवशी नंबर होता पंचवटीचा.

शेजारचा ऑपरेटर हळूच म्हणाला, "मॅडम, पुढचा घ्या ना. घरी कार्य आहे तुमच्या. कोण विचारतंय?"

हात थांबला माझा, खोटं कशाला बोलू? पण "आमचीच लाईट का घालवता?" म्हणून भांडणाऱ्या लोकांना मी इतकी वर्षं काय सांगत आले? नंबर आहे म्हणून. आणि आज माझ्या घरचं कार्य निघालं तर दुसऱ्याचा पंखा बंद करू? "नाही जमायचं," म्हटलं आणि हँडल फिरवलं. ठिकठिकाणी माझ्यासारखेच कुणी ना कुणी हँडल फिरवत असणार. आकडा अडखळला, थांबला आणि हळूहळू चढायला लागला.

तेवढ्यात धाकटीचा फोन. "ताई, लाईट गेली! जनरेटरपण चालू होईना. काका चिडलेत. तुझ्या ऑफिसात विचार ना!"

"विचारायचं काय? मीच घालवलीय. आपला नंबर होता."

पलीकडून फोन कट.

बदलीचा माणूस आल्यावर निघाले. लाईट केव्हाच परत दिली होती, पण रिक्षात जीव थाऱ्यावर नव्हता. सोयरीक फिसकटली तर धाकटी जन्मभर माझं तोंड बघणार नाही.

कार्यालयाच्या दारातच मुलाचे काका. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "थोरल्या तुम्हीच ना? काय आवाज आहे हो तुमच्या वडिलांचा!"

माईक बंद होता, तरी धाकटीकडून कळताच अप्पा स्टेजवर चढले होते म्हणे, आणि फुलबाजारातल्या आवाजात ओरडले होते, "लाईट माझ्या थोरलीनं घालवलीय! घरचं कार्य असून नंबर चुकवला नाय तिनं! अशा घरातली पोरगी तुम्ही नेताय!"

आत गेले तर अप्पा समोरच. डोळे लाल.

"आकडा आला का पन्नासावर?"

"आला, अप्पा."

"मग चल वर. अंगठ्या थांबवल्यात तुझ्यासाठी."