ट्यूबात ओतलेलं पाणी

चिंचेने पितळ घासताना तो आंबट, ओला वास आला की मला नगरचं वाद्यांचं दुकान आठवतं. एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. माझे मालक, म्हणजे आमचे हे, बँडमास्तर. नवा ट्यूबा, म्हणजे बँडातलं ते भलंमोठं पितळी फुंकवाद्य, घ्यायला मलाही सोबत नेलं होतं. दुकानदाराने दोन दाखवले. एक स्वस्त, आरशासारखा चकचकीत. दुसरा दीडपट महाग, जड, फारशी चमक नसलेला. एवढ्या वळणांतून फुंकर कशी फिरत असेल, याचंच मला नवल.

मी दुकानदाराला म्हटलं, “भाऊ, बादलीभर पानी द्या. हंडा घेताना आमी आसंच बघतो.”

सगळे हसले. पण पाणी ओतताच स्वस्त ट्यूबाचा सांधा ठिबकू लागला. महागातून थेंबही आला नाही.

मालक माझ्याकडे वळले. “कोनता घ्यायचा? तूच सांग.”

मी जड ट्यूबावर हात ठेवला, आणि त्यांनी तोच घेतला. नवऱ्याने मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं, हे लक्षात यायला मात्र कित्येक वर्षं गेली.