कुरणातल्या चिरा

सळई चार इंचांवर अडली. मी अंगाचा भार दिला, तरी पुढे जाईना. कुरणात दहा ठिकाणी टोचून पाहिली. नऊ ठिकाणी तेच.

चांदूर रेल्वेजवळच्या एका गोरक्षण संस्थेचं हे कुरण. वीसेक एकर, भारी काळी जमीन. मी अकोल्यात ट्रॅक्टरची औजारं विकणाऱ्या एका डीलरकडे फील्ड इंजिनिअर आहे. औजार शेतात नेऊन चालवून दाखवायचं, त्याचा उपयोग समजावायचा आणि शेवटी डेमो रिपोर्ट भरायचा, हे माझं काम. बावीस वर्षं करतोय. त्यातला हा एक डेमो मी कुणाला सांगत नाही.

दिवाळी होऊन गेली होती. संस्थेचे सचिव वानखडे वकील स्वतः कुरणात आले होते. म्हणाले, "मारवेल गवत संपत चाललं हो. जिकडे पाहा तिकडे तरोट्याचं तण. पावसाळ्यात पाणी वरच साचून राहते. हे असंच चाललं तर गायी काय खातील?"

कारण सोपं होतं. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर गायी फिरतात. खुरांखाली माती दाबली जाते आणि चार-सहा इंचांवर तिचा घट्ट थर बनतो. त्यातून ना पाणी खाली जातं, ना हवा, ना गवताची मुळं. शेतात असा थर झाला तर आपण नांगर घालतो. कुरणात नांगर घातला तर गवतच उलटून मरतं. म्हणून इथे सबसॉयलर लागतो. एक उभा लोखंडी दात, त्याच्या टोकाला बुटासारखा फाळ आणि पुढे गवत कापणारी तबकडी. दात जमिनीत शिरतो आणि थर खालून उचलतो. उचलला की थर तडकतो, वरचं गवत जागच्या जागी राहतं. मागून एक जड रोलर फिरवायचा, म्हणजे दाताने पाडलेली चीर वरून बंद होते.

यात एक अट असते. माती कोरडी हवी. कोरडी माती तडकते. ओली माती नुसती कापली जाते.

कुरण राखणारे गुलाबराव माझ्यामागे चालत होते. साठीचे. तीस वर्षं संस्थेत. गोठ्याला लागून एक खोली होती, तिथे ते आणि त्यांची बायको राहत. त्यांनी वाकून मुठीत माती घेतली, दाबली आणि मला दाखवली. मातीचा गोळा झाला होता.

"साहेब, वरतून सुकलं दिसते. खालतून ओल हाय."

"एवढी ओल चालते काका."

"चालत असन. पण हे चिरा उनायात तोंड उघडतीन ना? आपली काई जमीन अशीबी भेगाडते. त्यात तुमी तिले रस्ता करून देऊन राह्यले. ढोरायचे पाय जातीन त्यात."

"काका, मशीन बनवणाऱ्यांनी सगळा विचार केलेला असतो."

"ते बनोणारे कधी इकडं आले होते का?"

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर हसला. मीही हसलो. पण मुद्दा बरोबर होता आणि तो मला कळला होता. शिवाय त्या दिवशी आमच्याकडे रोलर नव्हता. तो घेऊन दुसरी पिकअप वरूडला एका संत्राबागेच्या डेमोला गेली होती. मी बांधावर जाऊन आमच्या मालकांना, राजाभाऊंना, फोन लावला. म्हटलं, जमीन ओली आहे, रोलरही नाही. आठ-दहा दिवस थांबू.

"इंगळे, सोमवारी अमरावतीत प्रदर्शन आहे. स्टॉलवर लावायले फोटो पायजे मले. पाऊण फूट नको, चांगला दीड फूट खोल घाल, फोटोत दिसलं पायजे. रोलरचं काय घेऊन बसला? गाय का चीर मोजून राह्यली?"

मी फोन ठेवला आणि ड्रायव्हरला दीड फुटावर दात लावायला सांगितलं.

दाताच्या मागे जमीन जराशी फुगायला हवी आणि दोन्ही बाजूंना बारीक तडे जायला हवेत. काम होतंय, याची खूण ती. त्या दिवशी जमीन फुगली नाही. ओल्या साबणातून दोरा ओढावा तशी सरळ, गुळगुळीत चीर मागे पडत गेली. पहिल्या वीस फुटांतच मला ते दिसलं होतं. तरीही मी सहा एकर पूर्ण करून घेतलं. फोटो काढले. रिपोर्टमध्ये 'जमिनीतील ओल' या रकान्यात लिहिलं, योग्य. 'रोलर' या रकान्यात लिहिलं, वापरला. वकीलसाहेबांनी विश्वासाने सही केली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वकीलसाहेबांचा फोन आला. एका गवळाऊ गाईचा पुढचा पाय चिरेत अडकून मोडला होता. दुसऱ्या वेताची, दुभती गाय. नाव सोनी.

मी आणि राजाभाऊ दोघं गेलो. गोठ्यात पोत्यांची झोळी करून सोनीला तिच्यात तोलून धरलं होतं. पायाला प्लास्टर. गुलाबरावांची बायको तिला हाताने कडबा भरवत होती. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही.

ऑफिसात संस्थेचे चार-पाच लोक बसले होते. गुलाबराव दाराशी उभे. राजाभाऊंनी माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला.

"हे पाहा. ओल योग्य, रोलर वापरला, तुमची सही. मशीनचा काय दोष? भेगा दिसत असताना जनावरं तिकडे सोडली कोणी?"

एक जण म्हणाला, "गुलाबराव, तुम्हाले भेगा दिसल्या नाहीत?"

"वरतून गवत होतं ना मालक. गवताखाली चार बोटं फाट. कशी दिसन? अन् म्या ह्या साहेबाले तवाच म्हटलं होतं. इचारा त्याहिले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मला असं काही आठवत नाही."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. बोलायला दोन सेकंदही लागले नसतील. गुलाबरावांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. हलगर्जीपणा केला म्हणून त्यांना कामावरून कमी करायचं आणि महिनाअखेर खोली रिकामी करून घ्यायची, असं तिथेच ठरलं. वकीलसाहेबांना ते पटलेलं दिसत नव्हतं. पण समोर कागद होता आणि त्या कागदावर त्यांचीच सही होती.

परतीच्या वाटेवर राजाभाऊ म्हणाले, "सुटलो यार." मी हो म्हणालो.

आठ दिवसांनी, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून, राजाभाऊंनी चिरा बुजवण्याचं काम ठरवायला मला एकट्याला पाठवलं. मी फावडं घेऊन एका चिरेवर आडवा खड्डा खणला. आतली भिंत गिलावा केल्यासारखी चकचकीत होती. नोव्हेंबरमध्ये ओल्या मातीवर लोखंड घासलं गेलं होतं, ते तसंच वाळून बसलं होतं. एकही मूळ त्या भिंतीत शिरलेलं नव्हतं. थर चार इंचांवर होता तसाच होता. म्हणजे गाईचा पाय मोडला तो मोडलाच, आणि ज्यासाठी हे केलं तेही झालं नव्हतं.

गुलाबराव पाण्याचा तांब्या घेऊन आले. खोलीच्या दाराबाहेर त्यांच्या पत्र्याच्या पेट्या काढून ठेवलेल्या मला दिसत होत्या.

"पाणी घ्या."

मी पाणी प्यायलो. म्हणालो, "काका, माझं चुकलं."

"हे मले कावून सांगता? मले तं मालूमच हाय. ज्याहिले मालूम नाई त्याहिले सांगा."

तांब्या घेऊन ते निघून गेले.

मी तसाच मातीच्या हातांनी गावात वकीलसाहेबांच्या घरी गेलो. कोऱ्या कागदावर लिहून दिलं: जमीन ओली होती, हे मला माहीत होतं. रोलर वापरला नाही. गरज नसताना दीड फूट खोल गेलो. चिरा उघडतील आणि जनावरांचे पाय जातील, हे गुलाबरावांनी काम सुरू होण्याआधी सांगितलं होतं. ते मला चांगलं आठवतं.

वकीलसाहेबांनी कागद दोनदा वाचला. "मालकांना विचारून लिहिलं का हे?"

"नाही."

"मग नोकरी?"

"बघू."

"त्या दिवशी बोलला असता, तर त्या म्हाताऱ्याला चार लोकांत मान खाली घालावी लागली नसती."

 

गुलाबरावांचं काम राहिलं, खोली राहिली. तिसऱ्या दिवशी राजाभाऊ म्हणाले, "लय प्रामाणिक झाला तू." मला डेमोवरून काढून स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर बसवलं. तिथे मी पुढची दिवाळी होईपर्यंत नटबोल्ट काढून देत होतो. नोकरी गेली नाही. ती जाईल असं धरून चाललो होतो, त्यामुळे हे कमीच वाटलं.

कुरणातल्या चिरा आम्ही माणसं लावून मातीने भरल्या. पाऊस येईपर्यंत त्या सहा एकरांत जनावर सोडलं नाही. पावसाने माती फुगली आणि उरलेल्या फटी आपोआप मिटल्या. सोनीचा पाय जुळला, पण वाकडा. ती लंगडत चालते.

डिसेंबरात संस्थेने पुन्हा बोलावलं. या वेळी मी काटेरी रोलर सुचवला होता. वीतभर लांब खिळ्यांचं पिंप असतं, ते जमिनीला भोकं पाडत जातं. थर चार इंचांवर होता, तिथवर पोचायला ते पुरे होतं. दीड फूट जायची गरज मुळात कधीच नव्हती. राजाभाऊ म्हणाले, "जा तूच. ते तुलेच बोलावून राह्यले." बोलावणं वकीलसाहेबांचं होतं. गुलाबरावांनी माझं नाव घेतलं असेल, असा माझा गैरसमज नाही.

औजार घेऊन आम्ही सकाळी नऊला पोचलो. गुलाबराव फावडं घेऊन बांधावर उभे होते. रामराम नाही, काही नाही. त्यांनी मला तीन ठिकाणी खणायला लावलं. तिन्ही खड्ड्यांतली माती मी तळहातावर वळून पाहिली. दोन ठिकाणी ती भुगा झाली. तिसऱ्या ठिकाणी, उताराच्या खालच्या अंगाला, तिची बारीक वात वळली गेली.

गुलाबरावांनी ती वात माझ्या हातातून घेतली आणि मोडून पाहिली. मोडली नाही, वाकली.

"आज नाई. पंधरा दिवसानं या."

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, अर्ध्या शेतात तरी चालवून घेऊ. अकोल्याहून आलो आपण एवढे."

मी म्हणालो, "नाही. उतरवू नको."

दुपारी अकोल्यात पोचलो. राजाभाऊ गल्ल्यावरून उठून बाहेर आले, पिकअपमध्ये औजार तसंच दोरीने बांधलेलं पाहिलं.

"काय झालं?"

"जमीन ओली आहे."

येण्याजाण्याचं डिझेल फुकट गेलं. तेवढंच गेलं.