फराहबागेतलं जाजम

लढाईच्या दिवसांत माझे यजमान नगरला कचेरीत कारकून होते. एकदा त्यांच्या साहेबांच्या बायकोने आम्हा कारकुनांच्या बायकांना फराहबाग दाखवायला नेलं. निजामशाहीचा तो पडका महाल, आत शेळ्या मोकळ्या हिंडत होत्या. बाईंनी मधल्या दालनात स्वतःपुरतं जाजम अंथरून घेतलं आणि आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर चिंचेखाली बसा."

बाकीच्या निमूट गेल्या. मी डबा उघडून दालनातच बसले.

"तुला इथं कोणी बसायला सांगितलं?"

"महाल काही तुमचा नाही, बाईसाहेब. जाजम तेवढं तुमचं."

त्या तोंड फिरवून जेवल्या. त्यांची मला कीव आली; तिटकारा आला तो चिंचेखालच्यांचा. परतताना टांग्यात बाकीच्या बायका माझ्यापासून अंग चोरून बसल्या. मला ऐसपैस जागा मिळाली.