तेरी जाल किधर है?

मी माझी बायको एकदा पाच रुपयांना विकायला काढली होती, आणि तीही घासाघीस न करता.

चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. आम्ही मांजर्लीचे आगरी. आमच्या जिभेवर 'ळ' टिकत नाही. मासे धरायच्या जाळ्याला आम्ही 'जाल' म्हणतो. आता सिंध्यांच्या भाषेत 'जाल' म्हणजे बायको, हे मला कोण सांगणार?

फाळणीनंतर सिंधी लोक आमच्याजवळच्या निर्वासितांच्या कॅम्पात येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. कॅम्प दोनच्या बाजारात एका कापडवाल्याच्या दुकानापुढे दगडी ओटा होता, वर पत्र्याची सावली. मी बाहेर उन्हात, धुळीत मासे विकायचो. तो ओटा मिळाला तर बाजारात माझ्यासारखा राजा नाही! ओटा कोणाला द्यायचा हे कापडवाल्याची म्हातारी आई ठरवायची, हे मला उशिराच कळलं. तिला सगळे अम्मा म्हणत. (आमच्यात मासे बायकाच विकतात. पण माझ्या बायकोला, बायजाला, भाव करता येत नाही असं माझं ठाम मत होतं. म्हणून पाटी माझ्या डोक्यावर.)

मी ओट्याची गोष्ट काढली. अम्मा पाटीकडे बघून म्हणाली, "पुट, बेटा, मच्छी तू बेचता है? तेरी जाल किधर है?"

"घर पे. खुंटी को टांगेला है."

अम्माचा हात तोंडावर गेला. "खूंटी पे?"

"नीचे रखा तो उंदीर खाता है."

"हाय राम. कितने साल की है?"

"सात बरस की. किधर किधर फट गई. मैंच शिवता. शेजारी मांगता तो उसको भी देता. फुकट नहीं हां, आधा मच्छी लेता."

अम्मा मटकन खाली बसली. मला वाटलं, गिऱ्हाईक तयार झालं. "तुमको होना क्या? पांच रुपया दो, ले जाव. मेरे को नई लेने की है, बड़ी."

अम्मा ओट्याबद्दल एक शब्द बोलली नाही. घर कुठे, एवढंच विचारलं. मी खाणाखुणांसकट पत्ता दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज पीत होतो, तर दारात अम्मा! सोबत दोन सुना. आत येऊन तिने आधी खुंटीकडे पाहिलं. तेवढ्यात बायजा हंडा घेऊन आली. अम्माने तिच्या डोक्यावर कोरी ओढणी घातली, माझ्या हातात पाचाची नोट कोंबली आणि म्हणाली, "चल धी, चल बेटी, घर चल. इस कसाई के पास नहीं रहने का."

मी 'ये जाल, ये जाल' ओरडत खुंटीवरचं जाळं ओढून दाखवलं, नाचवलं, शेवटी अंगावर पांघरलं, तेव्हा सुनांना उलगडा झाला. त्यांनी बाजारातलं सगळं बोलणं बायजाला ऐकवलं आणि हसून हसून उंबऱ्यावर बसल्या. (नोट मी परत दिली. लगेच नाही.)

अम्मा मात्र हसली नाही आणि मलाही हसू येईना. जिचं स्वतःचं घर सरहद्दीपलीकडे राहिलं, जी बराकीच्या एका खोलीत सात माणसांत झोपते, ती एका अनोळखी बाईला ठेवून घ्यायला इतक्या लांब आली होती. एवढ्या मोठ्या काळजाचं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

बायजा हंडा खाली ठेवून म्हणाली, "अम्मा चुकली, खरा हाय. पन मना सांगा, तुमी माझ्याबद्दल बोलले असते, त वेगला काय बोलले असते?"

मी पेजेचा वाडगा उचलून तोंडाला लावला.

मग बायजा अम्माकडे वळली. "वट्याचा भाडा किती?"

"तीन रुपया महिना."

"भाडा नाय. रोजचा पयला मासा तुमच्या घरी, साफ करून. आनि वटा माझ्या नावावं."

"पक्का," अम्मा म्हणाली.

मी याच ओट्यासाठी दोन महिने अम्माच्या मुलाच्या विनवण्या करत होतो! हिने तो उभ्या उभ्या मिळवला. सात वर्षं ही बाई माझ्या घरात होती आणि मला पत्ता नव्हता.

ओट्याबद्दल माझ्या मनात अजून राग आहे. एकदा उन्हाने कावून मी बायजाला म्हणालो, "मलाही सावलीत जरा जागा दे." ती म्हणाली, "मालकिनीला इचारा."

मी अम्माला विचारलं. अम्माने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि बायजालाच विचारलं, "रखेगी क्या इसको?"

बायजाने आधी हातातला मासा साफ करून ठेवला. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पाटी उचलाला कामाला येतंय."

मी तिथल्या तिथे कबूल झालो. घासाघीस केली असती, तर ती पाटीसुद्धा हातची गेली असती.